लष्करी हेलिकॉप्टरमधला मेडिक नेमकं काय करतो आणि तो घडतो कसा?

नाशिकरोडला राहणाऱ्या, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे: गांधीनगरच्या धावपट्टीवरची लष्कराची हेलिकॉप्टर रोज आमच्या डोक्यावरून जातात. युद्धात जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये जो मेडिक असतो तो आत नेमकं काय करतो, त्याचं शिक्षण कसं होतं, आणि माझ्यासारखीला त्या कामापर्यंत पोचता येईल का?

मी अमेरिकी लष्करात फ्लाइट पॅरामेडिक, म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये प्रगत उपचार करणारी मेडिक, म्हणून काम केलं आणि आता याच कामासाठी येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्यामुळे बहुतेक सगळं तिथलं सांगेन. भारतातली व्यवस्था वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहिते.

हेलिकॉप्टरमुळे वेळ वाचतो हे सगळ्यांना दिसतं. पण त्या वाचलेल्या वेळात जखमीचं रक्त वाहतच राहिलं, तर तो कितीही लवकर पोचला तरी उपयोग होत नाही. ही गोष्ट लष्करालासुद्धा फार उशिरा उमगली, म्हणून आधी थोडा इतिहास.

युद्धात हेलिकॉप्टरने जखमींना बाहेर काढल्याची पहिली नोंद एप्रिल १९४४ ची आहे, आणि तिचा धागा आपल्या आसामपर्यंत येतो. ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या मागे एक छोटं विमान पडलं. त्यात वैमानिकासोबत तीन ब्रिटिश सैनिक होते. आसामातल्या लालाघाटला तळ असलेल्या अमेरिकी तुकडीचा लेफ्टनंट कार्टर हार्मन सिकोर्स्की कंपनीचं अगदी सुरुवातीचं हेलिकॉप्टर घेऊन गेला. त्यात वैमानिकाशिवाय एकच माणूस मावत असे, उकाड्यात इंजिन तापत असे. हार्मनने २५ आणि २६ एप्रिलला फेऱ्या मारत एकेक करून चौघांनाही काढलं. कोरियाच्या युद्धात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं, पण तेव्हा जखमी हेलिकॉप्टरच्या बाहेर, पायाच्या दांड्यांवर बांधलेल्या झाकणाच्या स्ट्रेचरवर असायचा. त्याच्यापर्यंत कुणाचाही हात पोचत नव्हता. १९६२ मध्ये व्हिएतनाममध्ये ह्यूई हेलिकॉप्टर आली आणि जखमी आत, मेडिकच्या समोर आला. दोन वैमानिक, एक क्रू चीफ (हेलिकॉप्टरची देखभाल करणारा तंत्रज्ञ) आणि एक मेडिक ही चौघांची रचना तेव्हा पक्की झाली ती आजतागायत तशीच आहे. ‘डस्टऑफ’ हे त्या तुकड्यांचं रेडिओवरचं नावही अजून चालू आहे.

पुढे गाडी अडली. हेलिकॉप्टर सुधारत गेली, मागे बसणाऱ्या माणसाचं शिक्षण मात्र जवळजवळ होतं तिथेच राहिलं. अफगाणिस्तानचं युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकी लष्कराच्या फ्लाइट मेडिकला किमान पात्रता होती ती प्राथमिक स्तराच्या ईएमटीची (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाची), म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या पहिल्या पायरीची. त्याच काळात अमेरिकेतल्या शहरांमधल्या हवाई रुग्णवाहिकांवर अनुभवी पॅरामेडिक आणि अतिदक्षता विभागातल्या नर्स काम करत होत्या. सर्वात वाईट जखमा जिथे होत होत्या तिथेच सर्वात कमी शिकलेला माणूस होता. यात त्या मेडिकचा दोष नव्हता, त्यांना शिकवलंच तेवढं होतं.

२००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आदेश काढला की गंभीर जखमी ६० मिनिटांच्या आत शस्त्रक्रियेच्या ठिकाणी पोचलाच पाहिजे. २१,०८९ जखमींच्या नोंदींचा पुढे अभ्यास झाला. त्यात आदेशाआधी जखमी पोचायला लागणारा मध्यक वेळ ९० मिनिटांचा होता, नंतर तो ४३ वर आला, आणि जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण १३.७ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर उतरलं. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आहे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास. नॅशनल गार्डच्या (एरवी नागरी नोकरी करणाऱ्या अर्धवेळ सैनिकांच्या दलाच्या) एका तुकडीतले मेडिक नागरी आयुष्यात पॅरामेडिक होते आणि अतिदक्षतेचं शिक्षण घेतलेले होते. त्यांनी आणलेल्या अतिगंभीर जखमींची तुलना नेहमीच्या मेडिकनी आणलेल्यांशी केली. ४८ तासांतला मृत्युदर नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के, या तुकडीत ८ टक्के. हेलिकॉप्टर त्याच जातीचं, युद्ध तेच, फरक मागे बसलेल्या माणसाच्या शिक्षणाचा. असे अभ्यास प्रयोगशाळेतल्यासारखे काटेकोर नसतात, त्या काळात बाकीही बरंच बदलत होतं, हे खरं. पण इतकी तफावत बाजूला सारण्यासारखी नव्हती. त्याच वर्षी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला फ्लाइट पॅरामेडिकचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. मी जे शिकवते ते त्याचंच पुढचं रूप आहे.

आता काम. तुकडीचा एक क्रू सतत तयारीत असतो. रेडिओवर ‘नाइन लाइन’ येते, म्हणजे ठरलेल्या क्रमाने नऊ ओळींचा निरोप: जागा कुठली, संपर्काची वारंवारिता कोणती, जखमी किती आणि किती गंभीर, हॉइस्ट (तारेने वर ओढणारं यंत्र) किंवा व्हेंटिलेटर लागेल का, झोपवून आणायचे किती आणि बसवून किती. एवढ्या पाच ओळी कळल्या की हेलिकॉप्टर उडू शकतं, उरलेलं वाटेत ऐकता येतं. निरोप आल्यापासून १५ मिनिटांच्या आत चाकं जमिनीवरून उचलायची असतात. त्यामुळे औषधांच्या कुप्या, सक्शन, ऑक्सिजनचा दाब, मॉनिटरची बॅटरी हे सगळं पाळी सुरू होतानाच हाताळून बघितलेलं असतं. रक्ताच्या पेटीचं तापमानही तेव्हाच बघायचं. लाल पेशींचं रक्त १ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, आणि बाहेर ४५ अंशांचं ऊन असतं.

उतरतानाही मेडिकला बघ्यासारखं बसता येत नाही. आमचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर वाळूवर उतरताना पंख्याच्या वाऱ्याने एवढी धूळ उठते की वैमानिकाला शेवटचे काही मीटर काहीच दिसत नाही. तेव्हा मेडिक आणि क्रू चीफ आपापल्या दारातून खाली बघत इंटरकॉमवर सांगत राहतात: शेपटी मोकळी आहे, उजवीकडे भिंत आहे, धूळ दारापर्यंत आली, चाकं टेकली. शिकायला आलेल्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांगते की तुम्ही आधी हेलिकॉप्टरच्या क्रूचे माणूस आहात आणि नंतर मेडिक. हेलिकॉप्टर आपटलं तर उपचार करायला कुणी उरत नाही.

खरं काम सुरू होतं ते जखमी आत घेण्याआधी, आणि हाच भाग नवख्यांना सगळ्यात उशिरा कळतो. उडत्या ब्लॅक हॉकच्या केबिनमध्ये स्टेथोस्कोप निरुपयोगी असतो. आवाजापुढे हृदयाचे ठोके तर सोडच, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. थरथरीमुळे मनगटावरची नाडी धड लागत नाही. रात्री दिवे लावता येत नाहीत, डोळ्यांवर रात्रीत दिसणारी दुर्बीण असते किंवा निळ्या-हिरव्या रंगाचा मिणमिणता दिवा असतो, आणि त्या प्रकाशात रक्त काळं दिसतं. पाण्यापासून ते वेगळं ओळखायला बोटांनी चाचपावं लागतं, त्याचा चिकटपणा कळतो. जागा इतकी अपुरी की गुडघ्यांवर बसून, वाकून काम करायचं. अशा ठिकाणी घशात नळी घालणं, छातीत सुई घालणं ही कामं अवघड होतात. म्हणून जमिनीवर, दारात, स्ट्रेचर उचलायच्या आधीच्या एक-दोन मिनिटांत ठरवायचं असतं की पुढच्या वीस मिनिटांत हा माणूस कुठल्या कारणाने मरू शकतो, आणि त्यातलं काय आत्ताच करून टाकायचं.

त्यासाठीचा क्रम आम्ही ‘मार्च’ म्हणून शिकवतो: आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग थंडी आणि डोक्याची इजा. रुग्णालयात तुला श्वासमार्ग पहिला असं शिकवलं असेल. रणांगणावर रक्त पहिलं. कारण आकड्यांत आहे. २००१ ते २०११ या काळातल्या ४,५९६ अमेरिकी मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली. त्यातले ८७ टक्के रुग्णालयात पोचण्याआधीच गेले होते. त्या आधी गेलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश माणसं वाचू शकली असती, आणि अशा वाचू शकणाऱ्यांपैकी दहातले नऊ रक्तस्रावाने गेले. हातापायाचा रक्तस्राव टुर्निकेटने, म्हणजे घट्ट आवळायच्या पट्ट्याने, थांबतो. जांघेतला, काखेतला रक्तस्राव रक्त गोठवणारं औषध लावलेली पट्टी जखमेत कोंबून आणि बराच वेळ दाबून धरून थांबवावा लागतो. पोटातला आणि छातीतला बाहेरून थांबवता येत नाही, तिथे शल्यविशारदच हवा. म्हणजे तो भेटेपर्यंत आत रक्त घालत राहणं एवढंच आपल्या हातात असतं.

या रक्तानेच आमच्या कामाचा चेहरा बदलला. ब्रिटिशांनी त्यांच्या चिनूक हेलिकॉप्टरमध्ये थेट डॉक्टर बसवला आणि २००८ पासून रक्त सोबत नेलं. अमेरिकी तुकड्यांनी २०१२ मध्ये सुरुवात केली. पूर्वी आम्ही सलाइन लावायचो. सलाइनने रक्तदाबाचा आकडा सुधारतो, पण रक्त पातळ होतं, ते गोठायची ताकद घटते आणि शरीर आणखी गार पडतं. आता शक्य तिथे ओ गटाचं, प्रतिपिंडं कमी असलेलं संपूर्ण रक्त देतात. सोबत कॅल्शियम द्यावं लागतं, कारण पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट जखमीच्या शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमशिवाय गुठळी धरत नाही. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तू प्रसूतीच्या वॉर्डात बघितलं असशील, तेच इथेही वापरतात, दुखापतीपासून तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं.

थंडीकडे नवीन मुलं हमखास दुर्लक्ष करतात. उन्हाळ्यातल्या अफगाणिस्तानात जखमी गार कसा पडेल, असं त्यांना वाटतं. पण कपडे कापलेले, अंगावर रक्त आणि घाम, उघड्या दारातून वारा, वर चढताना उतरणारं तापमान. रक्त गेलेल्या माणसाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. अंग गार पडलं की रक्त गोठत नाही, रक्त गेलं की पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि आम्ल साचतं, त्या आम्लाने पुन्हा गोठणं बिघडतं. म्हणून उकाड्यातसुद्धा प्रत्येक गंभीर जखमीला गुंडाळून, तापणारी चादर लावूनच आत घ्यायचं. घामाने निथळणारा सैनिक ‘याला कशाला पांघरूण’ म्हणून चिडतो, तरी पांघरूण काढायचं नाही.

उंचीचाही हिशोब असतो. हेलिकॉप्टरमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो. ८,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश दाबाची असते, म्हणजे शरीरात अडकलेली हवा एक तृतीयांशाने फुगते. फुप्फुसाभोवती थोडीशी हवा साचलेली असेल तर जमिनीवर बरा दिसणारा माणूस डोंगर ओलांडताना गुदमरायला लागतो. श्वासनळीतल्या नळीचा फुगासुद्धा फुगून श्वासनळीच्या भिंतीवर दाब देतो. मग ऐकू न येता हे ओळखायचं कसं? नळीतून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ मॉनिटरवर दिसते, तिच्यावरून. छाती दोन्हीकडे सारखी वर येते का ते हात ठेवून. व्हेंटिलेटरचा दाब वाढतोय का ते बघून. कानांची जागा डोळ्यांनी आणि तळहातांनी घ्यायची, हे शिकायला महिने लागतात.

हेलिकॉप्टर उतरूच शकत नसेल तर हॉइस्ट. दारावरच्या यंत्राच्या पोलादी तारेने मेडिकला खाली सोडतात, साधारण ७५ मीटरपर्यंत, आणि ती तार २७२ किलो पेलते. पंख्यांमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, म्हणून खालच्या माणसाने हूक जमिनीला टेकल्याशिवाय हात लावायचा नाही. वर ओढताना पंख्याच्या वाऱ्यात स्ट्रेचर गरगर फिरायला लागतं, ते थोपवायला त्याला एक दोर बांधून खालून ताण धरतात. क्रू चीफ तार सांभाळतो, वैमानिक त्याच्या शब्दांवर हेलिकॉप्टर स्थिर ठेवतो. या चौघांचा एकमेकांवर किती भरवसा असतो ते तारेवर लटकल्यावर कळतं.

रुग्णालयात पोचल्यावर जखमी सोपवताना अर्ध्या मिनिटात चार गोष्टी सांगायच्या: कशाने लागलं, कुठे लागलं, आत्ता स्थिती काय, आपण काय केलं. टुर्निकेट किती वाजता बांधलं ते कार्डावर आणि टुर्निकेटवर लिहिलेलं असलंच पाहिजे. मग परत जाऊन केबिनची फरशी धुवायची, सामान भरायचं. आमच्याकडे हे चौघं मिळून करतात, वैमानिकसुद्धा. मला ही रीत फार मोलाची वाटते. त्या धुण्याच्या वेळात माणसं बोलतात. विशेषतः जखमी लहान मूल असेल तर बोलायलाच हवं. अफगाणिस्तानात आम्ही फक्त सैनिक नाही, गावातली माणसं आणि पोरंही आणत होतो, आणि मोठ्यांच्या जखमांची सवय झालेला मेडिकही मुलापुढे हलतो. मन शांत ठेवण्याचं शिक्षण वेगळं दिलं जात नाही, ते क्रूमध्येच मिळतं. म्हणून ज्या तुकडीत उड्डाणानंतर बोलणं होत नाही, तिथला अधिकारी आपलं काम करत नाही असं मी स्पष्ट म्हणते.

शिक्षणाची वाट लांब आहे. दहा आठवड्यांचं प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण. मग सॅन अँटोनियोला सोळा आठवडे मेडिकचं शिक्षण, त्यात आधी ईएमटीची परीक्षा आणि मग रणांगणावरचे उपचार. पुष्कळजण यानंतर काही काळ पायदळासोबत काम करतात आणि मग हवाई तुकडीसाठी अर्ज करतात. ते मला योग्य वाटतं, जमिनीवर जखमीपाशी थांबलेल्या माणसाची घालमेल ज्याने अनुभवली आहे तो वरून आल्यावर त्याच्यावर खेकसत नाही. यानंतर उड्डाणासाठीची वैद्यकीय तपासणी, अलाबामातल्या फोर्ट रकरला काही आठवड्यांचा उड्डाणाचा अभ्यासक्रम, पाण्यात उलट्या पडलेल्या केबिनमधून श्वास रोखून बाहेर पडण्याचा सराव. मग सहा महिन्यांहून जास्त पॅरामेडिकचा अभ्यासक्रम, त्यात शहरातली रुग्णवाहिका, आपत्कालीन विभाग, भूलशास्त्राच्या खोलीत नळी घालण्याचा सराव. शेवटी सुमारे दोन महिने अतिदक्षता: व्हेंटिलेटर, रक्तदाबाची औषधं, रक्ताच्या तपासण्या वाचणं, शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे नेताना लागणारी काळजी. युनिटमध्ये रुजू झाल्यावरही एकट्याने उडायची परवानगी लगेच मिळत नाही, तीन टप्प्यांत उड्डाणं तपासली जातात. आणि हे सगळं टिकवावं लागतं. शांततेच्या काळात छावणीत बसून हात गंजतात, ही आमची आजची सर्वात मोठी अडचण आहे. म्हणून मी प्रत्येकाला सुट्टीच्या दिवशी एखाद्या शहरी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पाळ्या करायला लावते.

युक्रेनच्या युद्धाने आणखी एक प्रश्न समोर ठेवला आहे. जिथे शत्रूकडे क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आहेत तिथे आघाडीजवळ हेलिकॉप्टर नेताच येत नाही. जखमी तासन्‌तास, कधी दिवसभर अडकून पडतो, आणि साठ मिनिटांसाठी बांधलेलं टुर्निकेट दहा तास राहिलं तर पाय जातो. त्यामुळे आता अभ्यासक्रमात जखमीला दीर्घकाळ सांभाळण्याचा भाग वाढला आहे. टुर्निकेट काढून दाबपट्टीवर कधी आणायचं, लघवी मोजणं, कूस बदलणं, प्रतिजैविकं, वेदना आटोक्यात ठेवणं. यातलं निम्मं काम शुद्ध नर्सिंगचं आहे, आणि तुझ्यासारखीला ते आधीपासून येतं.

आता भारताबद्दल. आपल्याकडे जखमींसाठीच राखून ठेवलेल्या हेलिकॉप्टर तुकड्यांपेक्षा चीता, ध्रुव, एमआय-१७ अशी बहुउपयोगी हेलिकॉप्टरच हे काम करतात आणि गरजेप्रमाणे आर्मी मेडिकल कोअरचा डॉक्टर किंवा नर्सिंग असिस्टंट सोबत जातो. कारगिलच्या वेळी १९९९ मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीतातून जखमी आणले होते. सियाचीनचं काम तर जगात कुठेच नाही असं आहे. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा उंची घातक. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचलं की पहिला उपाय खाली उतरवणं हाच, म्हणजे तिथे उड्डाण हेच औषध आहे. हवामान बिघडलं तर हवा भरलेल्या दाबाच्या पिशवीत रुग्णाला ठेवून ढग हटायची वाट बघायची. एक इंजिनाच्या चीतात जागा इतकी कमी आणि वजनाचा हिशोब इतका काटेकोर की वरच्या चौक्यांवरून सोबत मेडिक नेणं परवडतच नाही. रुग्णाची तयारी वरच्या चौकीतल्या नर्सिंग असिस्टंटने केलेली असते, आणि पुढचं सगळं त्या तयारीवर अवलंबून असतं. तिथून परतापूरचं फील्ड हॉस्पिटल, मग लेह. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुझ्यासाठी सरळ रस्ता मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा. तू नर्सिंगची पदवी घेतेच आहेस, तेव्हा पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी (ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदासाठी) जाहिरात निघते तिच्यावर लक्ष ठेव. बारावीनंतर थेट जाणाऱ्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीचं (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचं) नर्सिंग कॉलेज आहे. तुझ्या ओळखीत बारावी विज्ञान केलेला कुणी भाऊ असेल तर त्याला नर्सिंग असिस्टंटची भरती आहे, तिचं प्रशिक्षण लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) केंद्रात होतं. हवाई वैद्यकशास्त्राचं शिक्षण बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये मिळतं. वय आणि पात्रतेचे नियम बदलत राहतात, ते अधिकृत जाहिरातीतच वाच.

तोवर आपत्कालीन विभागातल्या आणि आयसीयूतल्या पाळ्या मागून घे. व्हेंटिलेटरचे आकडे मॉनिटर न बघता सांगता येतील इतके ओळखीचे कर. कार्बन डायऑक्साइडची रेघ वाचायला शीक, आपल्याकडे बरेचजण तिच्याकडे बघतच नाहीत. औषधांचे डोस पाठ कर, कॅल्क्युलेटर न वापरता. आणि शिरेत सुई लावायचा सराव हातमोजे घालून, अंधाऱ्या खोलीत, नुसत्या बोटांच्या अंदाजाने करून बघ, अर्थात सरावाच्या कृत्रिम हातावर. काही अडलं तर विचार, मी उत्तर देईन.